भेट बुटांची, माप पायाचे

ईद जवळ आली की प्रत्येक घरात एक यादी तयार होते. मुलांचे कपडे, सुनेचा सूट, शीरखुर्म्याचा सुकामेवा, फितऱ्याचे पैसे. यादीच्या शेवटी कुठेतरी 'अब्बांना काहीतरी' असे लिहिलेले असते. त्यांना कपडे नको असतात, घड्याळ आहे, गेल्या वर्षीचे अत्तर अजून संपलेले नाही. पायातली झिजलेली चप्पल मात्र सगळ्यांना दिसत असते. मग 'काहीतरी'च्या जागी बूट किंवा चप्पल येते. आमच्या घरातही तसेच झाले होते.

आम्ही तिघे भावंडे. आपा सोलापूरला, आम्ही दोघे भाऊ पुण्यात. अम्मी-अब्बा मिरजेजवळ गावी राहतात. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह. दोन वर्षांपूर्वी शाबानमध्ये दोघांचे उमऱ्याला जायचे ठरले. रजबच्या सुरुवातीला आम्ही तिघांनी पैसे जमवून अब्बांसाठी भारीतले बूट घेतले. नंबर कळावा म्हणून आपाने फोन करून अम्मीला जुन्या सँडलचा तळ पाहायला सांगितला. तळावर ८ होता. आम्ही ८ नंबर घेतला, रंगीत कागदात बांधला आणि गावी जाऊन अब्बांच्या हातात ठेवला.

अब्बांनी बूट घातले, ओसरीवर चार पावले टाकली आणि म्हणाले, "माशाअल्लाह, छान आहेत. एवढा खर्च कशाला केलात?" आम्ही खूश झालो. फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले आणि पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी अम्मी कपडे धुवायला बसली, तर अब्बांच्या पांढऱ्या मोज्यावर करंगळीपाशी डाग दिसला. आधी तिला मातीचा वाटला. पाण्यात टाकल्यावर कळले की रक्त आहे. अब्बांचा पाय पाहिला, तर करंगळीच्या बाजूला फोड फुटून जखम झालेली. अब्बांना तिचा पत्ताच नव्हता. उमऱ्याच्या तयारीसाठी ते रोज फजरनंतर दोन किलोमीटर चालत होते, आणि तेही आम्ही दिलेले बूट घालून.

जखम भरायला दोन महिने लागले. शाबानचा उमरा रद्द झाला.

कागदावरचा पाय

मिरजेच्या डॉक्टरांनी अब्बांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून पाहिला. "लागले की हो म्हणा," असे ते म्हणाले होते. निम्म्याअधिक ठिकाणी अब्बा गप्प राहिले. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा अधू होतात आणि पायाला कळेनासे होते. खडा टोचला, बूट घासला, चटका बसला तरी वेदना होत नाही. आणि वेदना नाही म्हणून माणूस चालतच राहतो. अशी साधी जखम चिघळली तर पायाचे बोट गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

मग डॉक्टरांनी एक कोरा कागद जमिनीवर ठेवला, अब्बांना त्यावर उभे केले आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारली. तो आकार कात्रीने कापून त्यांनी आम्ही दिलेल्या बुटात सरकवला. लांबीला कागद बसला, पण चवड्यापाशी दोन्ही कडा वर दुमडल्या. डॉक्टर एवढेच म्हणाले, "कागद दुमडला तो आपल्याला दिसला. पाय असाच तीन आठवडे दुमडला होता."

आम्ही अब्बांना विचारले, "पहिल्या दिवशी काहीच वाटले नाही का?" ते जरा ओशाळून म्हणाले, "थोडे दाटत होते. म्हटले, सैल होतील. तुम्ही एवढ्या हौसेने आणले होते."

आई-वडिलांसमोर 'उफ्' देखील म्हणू नये, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे आमच्या भेटीपुढे अब्बांनीच उफ् केले नव्हते. म्हणून हा लेख. जी चूक आम्ही केली, ती तुमच्या घरी होऊ नये.

नंबर म्हणजे पाय नव्हे

आपल्याला वाटते, माणसाचा बुटाचा नंबर एकदा ठरला की जन्मभर तोच राहतो. तसे नसते. वय वाढते तसे पायाचे सांधेबंध सैल पडतात, कमान थोडी खाली बसते आणि पाय लांबी-रुंदीला पसरतो. वजन वाढले तर आणखी पसरतो. लग्नात ८ नंबर घालणाऱ्या माणसाला साठीनंतर ९ लागू शकतो. जुना सँडल उघडा असल्याने अब्बांचा पाय त्यात बाहेर डोकावत का होईना सामावत होता. बंद बुटात पायाला तेवढी मोकळीक उरली नाही.

दुसरी गोष्ट नंबरांच्या हिशेबाची. आपल्याकडे चालणारा नंबर इंग्लंडच्या पद्धतीचा आहे. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत ४१, ४२, ४३ असे आकडे असतात आणि एका आकड्याचा फरक साडेसहा-पावणेसात मिलिमीटर असतो. अमेरिकन नंबर पुरुषांच्या बुटात आपल्यापेक्षा साधारण एकाने जास्त येतो. म्हणून आखातातून भाऊ बूट पाठवणार असेल तर 'नंबर ९' एवढेच सांगून भागत नाही. त्याला पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवावी.

शिवाय नंबर मुख्यतः लांबी सांगतो. रुंदीचा त्यात पत्ता नसतो. परदेशी घाटाचे अनेक बूट अरुंद असतात. अनवाणी किंवा उघड्या चपलेत वाढलेला आपला पाय चवड्याशी बऱ्याचदा रुंद असतो. अशा वेळी दुकानदार "एक नंबर मोठा घ्या" म्हणतो. मग बूट रुंदीला बसतो, पण लांबीला मोठा होतो, टाच मागे घसरते आणि पाय पुढे आपटतो. खरा उपाय म्हणजे रुंद चवड्याचा बूट मागणे.

माप कसे घ्यावे

यासाठी कोरा कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी पुरते. माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभरात पायाला थोडी सूज येते. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी दाटतो, पण संध्याकाळी बसलेला सकाळी त्रास देत नाही.

कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. ज्यांचे माप घ्यायचे त्यांना टाच भिंतीला लावून उभे करा. भार दोन्ही पायांवर हवा. बसून घेतलेले माप लहान येते. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारा. भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजा. कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, ते विसरू नका. मग चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मोजा. दोन्ही पाय मोजा, कारण दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात. अब्बांचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा निघाला. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा.

हे माप घेतले की 'सरप्राइज' संपते, हे खरे. पण ज्या भेटीवर पूर्ण शरीराचा भार पडणार आहे ती गुपचूप आणण्यात शहाणपण नाही. फारच हौस असेल तर रंग तेवढा गुपित ठेवा.

दुकानात काय पाहावे

शक्य असेल तर ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांना सोबत न्या. असरनंतरची वेळ बरी. ते नेहमी जसे मोजे घालतात तेच घालून जावे.

उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांत अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. बोटे आत हलवता आली पाहिजेत. चवडा दाबला जाता कामा नये आणि टाच चालताना वर निघता कामा नये.

मग बूट हातात घ्या. वाकवून पाहा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण पाय तिथेच वाकतो. मधोमध दुमडणारा किंवा फडक्यासारखा पिळता येणारा बूट पायाला आधार देत नाही. टाचेमागचा भाग दाबून पाहा, तो टणक हवा. आत हात घालून सगळीकडे फिरवा. शिवणीची गाठ, वर आलेला खिळा, सुटलेले अस्तर बोटांना लगेच कळते. आतला गादीचा तळ निघत असेल तर तो बाहेर काढून त्यावर पाय ठेवा. पाय कडेबाहेर जात असेल तर तो बूट परत ठेवा.

"वापरून सैल होईल" या शब्दावर विश्वास ठेवू नका. चामडे थोडे ताणते, रेक्झिन जवळजवळ ताणत नाही, आणि लांबीला तर कोणताच बूट वाढत नाही. अपवाद कोल्हापुरी चपलेचा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची ती चप्पल नवी असताना चावते, मग पट्टे पायाप्रमाणे सैलावतात. म्हणून ती आधी जरा घट्टच घेतात आणि तेल लावून मऊ करतात. धडधाकट पायासाठी ती सुंदर भेट आहे. ज्या पायाला चावा कळत नाही त्यासाठी मात्र नाही.

बिल जपून ठेवा आणि 'नंबर बदलून मिळेल ना' हे आधीच विचारा. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस फक्त घरात, स्वच्छ फरशीवर वापरायला सांगा.

घरातले पाय वेगवेगळे

मुलांसाठी आपण ईदला 'पुढच्या वर्षीही चालतील' म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतो. मूल त्यात पाय ओढत चालते, अडखळते आणि बूट पायात येईपर्यंत त्याचा तळ झिजून जातो. बोटापुढे अंगठाभर जागा ठेवा, ती पुरे. लहान मुलांचा पाय भरभर वाढतो म्हणून दर तीन-चार महिन्यांनी बूट दाबून पाहा. थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला देताना तळ पाहा. तो एका बाजूला झिजला असेल तर धाकट्याचा पायही तिकडेच कलतो.

अम्मी, खाला, फुफी यांच्यासाठी बहुतेक चमकीच्या, टोकदार, उंच टाचेच्या सँडल घेतल्या जातात. लग्नात तासभर घालायला ठीक. रोजच्या वापरात टोकदार बूट अंगठा आत दाबतो आणि उंच टाच सगळा भार चवड्यावर टाकते. टाच बेताची, पुढचा भाग गोल आणि मागे पट्टा असे पाहावे. गरोदर लेकी-सुनांचे पाय सुजतात. त्यांना पट्टा सैल करता येईल अशी चप्पल हवी.

वयस्क नमाजी माणसाचा विचार वेगळा करावा लागतो. मशिदीच्या पायरीवर दिवसातून पाच वेळा बूट काढायचा आणि घालायचा. लेस बांधायला वाकणे जमत नाही, मग ते टाच मोडून बूट चपलेसारखा ओढतात आणि तिथेच घसरतात. त्यांच्यासाठी चिकटपट्टीचा बूट आणि लांब दांड्याचे शू-हॉर्न बरे. तळ खरखरीत हवा, कारण वुजूखान्याबाहेरची फरशी ओली असते. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजे घालावेत, नाहीतर तिथे चिखल्या होतात. आणखी एक गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. जुम्म्याला चप्पल चोरीला जाईल या भीतीने आपले बुजुर्ग नवे बूट घरी ठेवून फाटकी स्लीपर घालून जातात. भेटीसोबत कापडी पिशवी द्या, म्हणजे बूट आत नेता येतील.

मधुमेह असलेल्यांसाठी अंगठ्याची चप्पल टाळा. ती बेचक्यात घासते, आणि संवेदना कमी असलेल्या पायातून कधी निसटली हेही कळत नाही. मागे पट्टा हवा. त्यांच्यासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराची पादत्राणे मिळतात. पण पायाला जखम, भोवरी किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा, मगच दुकानात जा. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वेळ वाढवत घालायचा. काढल्यावर पाय पाहायचा. कुठे लाली दिसली आणि ती बराच वेळ गेली नाही, तर तो बूट त्या पायासाठी नाही.

एहराममधली चप्पल

हज-उमऱ्याला निघालेल्यांना अनेक जण चप्पल भेट देतात. यात थोडी माहिती हवी. एहरामच्या हालतीत पुरुषांना मोजे आणि बंद बूट घालता येत नाहीत. घोटा उघडा राहील अशी चप्पल लागते. पायाच्या वरचे हाड, बोटे, टाच किती उघडी हवी याबाबत मस्लकांमध्ये फरक आहे. देशावर बहुतेक लोक हनफी, कोकणात शाफई. तेव्हा खरेदीआधी आपल्या आलिमांना चप्पल दाखवून विचारून घ्यावे. स्त्रियांना नेहमीचे बूट आणि मोजे चालतात.

सफा ते मरवा हे अंतर सुमारे ४५० मीटर. सात फेऱ्यांचे तीन किलोमीटरहून अधिक होते. त्याआधी तवाफ, आणि हॉटेलपासून हरमपर्यंतचे जाणे-येणे वेगळे. मताफमध्ये ग्रीसच्या थासोस बेटावरचा पांढरा संगमरवर बसवलेला आहे, तो उन्हातही फारसा तापत नाही. बाहेरचे रस्ते मात्र तापतात. म्हणून नवीकोरी चप्पल पिशवीत घालून विमानात बसू नये. निदान तीन-चार आठवडे आधी ती पायात रुळलेली असावी.

अब्बांचा उमरा पुढे सहा-सात महिन्यांनी, सफर महिन्यात झाला. या वेळी आम्ही कागद घेऊन, अब्बांना सोबत घेऊन दुकानात गेलो. त्यांना ९ नंबर, रुंद चवड्याचा बूट बसला. पहिल्या जोडीपेक्षा तो जवळपास निम्म्या किमतीत आला. एहरामसाठी मागे पट्टा असलेली मऊ चप्पल घेतली. हरमच्या आत अनवाणी चालण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितला होता, म्हणून आलिमांना विचारून फक्त आत वापरायची एक वेगळी स्वच्छ, मऊ चप्पलही ठेवली. आमच्यापैकी एक भाऊ सोबत होता. रोज रात्री खोलीवर आल्यावर तो मोबाईलच्या उजेडात अब्बांचे तळवे आणि बेचक्या पाहायचा. पहिल्या रात्री अब्बांनी पाय ओढून घेतला. दुसऱ्या रात्री स्वतःहून पुढे केला. परतले तेव्हा दोन्ही पाय धड होते. अल्हम्दुलिल्लाह.

भेटीनंतरची जबाबदारी

पादत्राणे भेट देणे आपल्याकडे नवे नाही. हबशाच्या नजाशी बादशहाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना काळ्या रंगाचे साधे चामडी मोजे, म्हणजे खुफ, भेट पाठवले होते. प्रेषितांनी (स.) ते घातले आणि वुजू करताना त्यांवर मसह केला, असे हदीसमध्ये आले आहे. आलेली भेट ठेवणीत न टाकता वापरली गेली. आपल्या भेटीचेही तसेच व्हायला हवे असेल, तर ती वापरता येण्याजोगी असली पाहिजे. एका मोहिमेत प्रेषितांनी (स.) सोबत्यांना चपला घालण्याची ताकीद करताना पायात चप्पल असलेल्या माणसाची तुलना स्वाराशी केली होती, हेही हदीसमध्ये आहे. घालायला उजवा पाय आधी आणि काढायला डावा, एवढी सुन्नत आपण मुलांना शिकवतोच. बूट घालण्याआधी तो उलटा करून झटकणे आणि काढल्यावर पाय पाहणे ही सवयही त्यासोबत शिकवावी.

आणि भेट दिल्यावर विषय संपला असे मानू नये. आठवड्याने फोन करून "आवडले का?" असे विचारू नका. त्याचे उत्तर 'हो' असेच येते. "करंगळीला लागते का? संध्याकाळी मोजे काढल्यावर वळ दिसतो का? मशिदीला तेच घालून जाता का?" असे विचारा. जवळ असाल तर विचारण्यापेक्षा पाय पाहा. ज्यांनी आपल्या लहानपणी शाळेच्या बुटांत अंगठा दाबून जागा पाहिली, त्यांच्या पायाशी बसायला आपल्याला लाज कसली?

या ईदला आमच्याकडे अम्मीची पाळी आहे. "मला कशाला नवी? आहे ती चालते," असे तिने नेहमीप्रमाणे सांगून टाकले आहे. आपाने तिची ती चालणारी चप्पल उलटी करून पाहिली. टाचेचा तळ एका बाजूला कागदाएवढा पातळ झाला आहे. येत्या रविवारी आम्ही तिघेही गावी जात आहोत. असरनंतर भिंतीला कागद लावायचा आणि अम्मीला त्यावर उभे करायचे, असे ठरले आहे.